जुन्या अमेरिकन सिटकॉममधून विनोद शिकायचा असेल तर

प्रश्न: मी एकांकिका लिहिते, आता विनोदी मालिका लिहायची आहे. सगळे सांगतात म्हणून ‘आय लव्ह ल्यूसी’ आणि त्या काळातल्या आणखी काही अमेरिकन मालिका पाहायला घेतल्या. पण मागून येणारं हसणं कानाला खटकतं आणि कथानकं बाळबोध वाटतात. यातून खरंच काही शिकण्यासारखं आहे का? असेल तर काय पाहू आणि कसं पाहू?

उत्तर: आहे, भरपूर आहे. मी नाटकं बसवतो, विनोदी मालिकांचं लेखन-दिग्दर्शन करतो, आणि नवीन मुलं तालमीला आली की त्यांच्याबरोबर यातले काही भाग पुन्हा पाहतो. दर वेळी मला त्यात कामाचं काही ना काही सापडतं. तुमच्या दोन तक्रारींपैकी कथानकाच्या बाळबोधपणाबद्दल थोडंसं पुढे बोलू. हसण्याबद्दल मात्र आधीच बोलायला हवं, कारण सगळी मेख तिथेच आहे.

‘आय लव्ह ल्यूसी’मध्ये जे हसणं ऐकू येतं ते खऱ्या माणसांचं आहे. त्या क्षणी समोर बसलेल्या साधारण तीनशे प्रेक्षकांचं. ल्यूसीची भूमिका करणाऱ्या ल्यूसिल बॉलची आई डीडी बहुतेक चित्रीकरणांना हजर असायची. आता लेकीची फजिती होणार असं दिसलं की ती काळजीने जो हुंकार द्यायची, तो काही भागांत स्पष्ट ऐकू येतो. ही व्यवस्था कशी जमून आली हे समजून घेतलंत, तर त्या मालिकेतला अभिनय तसा का आहे तेही उलगडेल.

१९५१ साली अमेरिकेत बहुतेक मोठे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रसारित होत. दूरच्या शहरांना पडद्यावरच्या चित्राचंच चित्रण करून पाठवलेली धूसर प्रत मिळायची. ल्यूसिल बॉल आणि तिचा नवरा देसी अर्नाझ यांना हॉलिवूड सोडायचं नव्हतं. सिगारेट विकणारा प्रायोजक आणि सीबीएस वाहिनी या दोघांना धूसर प्रत नको होती. तोडगा निघाला तो असा: मालिका चित्रपटासारखी ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित करायची, पण नाटकासारखी प्रेक्षकांसमोर सादर करायची. तीन कॅमेरे एकाच वेळी चालणार. खर्च वाढला, तेव्हा जोडप्याने आपलं मानधन कमी करून घेतलं आणि बदल्यात त्या फिल्मची मालकी स्वतःकडे ठेवली. पुनःप्रसारणाचा धंदा तेव्हा जन्मालाही आला नव्हता. पुढे त्या मालकीतूनच त्यांचा देसिलू स्टुडिओ मोठा झाला.

कॅमेऱ्याची जबाबदारी कार्ल फ्रॉइंडकडे होती. १९२७ चा जर्मन मूकपट ‘मेट्रोपोलिस’ चित्रित करणाऱ्यांपैकी हा एक. इतका मोठा छायाचित्रकार एका घरगुती विनोदी मालिकेत काय करत होता? तो सगळ्या सेटवर एकसारखा प्रकाश पाडायची युक्ती शोधत होता, म्हणजे जवळचा आणि दूरचा शॉट एकाच वेळी घेता येईल आणि मध्ये थांबून दिवे हलवावे लागणार नाहीत. तालमी आधी होऊन जायच्या आणि मग एका संध्याकाळी जवळजवळ सलग प्रयोग व्हायचा. आपल्या रंगभूमीवरच्या कुणालाही हे सांगून समजवावं लागणार नाही. हशा आला की नट थांबतो, तो ओसरायला लागला की पुढचं वाक्य उचलतो. ल्यूसिल बॉल कॅमेऱ्यासमोर नेमकं हेच करते आहे. म्हणून त्या हसण्याकडे पार्श्वसंगीत म्हणून पाहू नका. ते समोरच्या नटाचं वाक्य समजा, मग तिचा प्रत्येक थांबा दिसायला लागेल.

आता एक भाग बारकाईने पाहू. १५ सप्टेंबर १९५२ चा ‘जॉब स्विचिंग’. पट्ट्यावरून चॉकलेटं येतात तो प्रसंग तुम्ही कुठे ना कुठे पाहिलाच असेल. तो फिरत राहतो तुकड्याच्या रूपात, आणि तुकडा पाहून वाटतं की दोन बायका तोंडात चॉकलेटं कोंबतात म्हणून हसू येतंय. पूर्ण भाग पाहा. पैसे कमावणं सोपं की घर चालवणं सोपं, यावर नवरे आणि बायका भांडतात आणि कामांची अदलाबदल करतात. घरी नवऱ्यांनी भाताचा आणि कोंबडीचा सत्यानाश चालवलाय. इकडे बायकांना चॉकलेटच्या कारखान्यात काम मिळालंय आणि एकेका विभागातून त्यांची हकालपट्टी होते आहे. ल्यूसी आधी चॉकलेट बुडवण्याच्या टेबलावर बसते. शेजारची कामगार बाई इतकी सराईत आणि निर्विकार आहे की तिच्याकडे पाहूनच ल्यूसीचा धीर सुटतो. हा प्रसंग जवळजवळ निःशब्द आहे.

मग पट्टा. मुकादम बाई सुरुवातीलाच नियम सांगते: एक जरी चॉकलेट कागदात न गुंडाळता पुढे गेलं, तर दोघींची नोकरी गेली. हे वाक्य काढून टाका, प्रसंग कोसळतो. पट्टा सुरू होतो तेव्हा वेग अगदी बेताचा आहे आणि दोघी खरोखर नीट काम करतात. ‘हे तर सोपं आहे’ असं त्यांना वाटण्याइतका अवधी लेखक त्यांना देतात. वेग वाढतो तेव्हा त्या गंमत म्हणून नाही, नोकरी टिकवायची म्हणून चॉकलेटं तोंडात, टोपीत, ब्लाऊजमध्ये लपवतात. मुकादम बाई परत येते, रिकामा पट्टा पाहून खूश होते आणि आत ओरडून सांगते की वेग अजून वाढवा. उत्तम काम केल्याची शिक्षा! प्रेक्षागृह कोसळतं ते या वाक्यावर. आणि तिथे ल्यूसी काय करते? काहीच नाही. तोंड भरलेलं आहे, नुसते डोळे.

जेस ओपनहायमर, मॅडेलिन प्यू आणि बॉब कॅरल या लेखकांची ही खासियत होती. ज्याला आपण अंगविक्षेपाचा विनोद म्हणून नाक मुरडतो, तो त्यांच्याकडे गरजेतून निघतो. तुम्ही कथानकाला बाळबोध म्हणालात. कथानक साधं आहे हे खरं, पण ते साधं ठेवण्यात शहाणपण आहे. गुंतागुंतीचं कथानक समजावण्यात जो वेळ जातो तो त्यांनी पात्रासाठी राखून ठेवला.

१९५२ च्याच मे महिन्यातला जाहिरातीचा भाग याच कारणासाठी पाहा. ल्यूसीला एका टॉनिकच्या जाहिरातीत बोलायचं आहे. तालमीत दर वेळी एक चमचा टॉनिक प्यावं लागतं आणि त्यात २३ टक्के अल्कोहोल आहे, जे तिला ठाऊक नाही. लेखकांनी तिच्याकडून ते जाहिरातीचं भाषण आधी नीट म्हणवून घेतलं, मग आणखी एकदा, मग आणखी. तोवर ते प्रेक्षकांना पाठ होतं. त्यानंतर तिची जीभ अडखळायला लागते तेव्हा कुठला शब्द कुठे गेला हे प्रत्येकाला कळतं. पहिल्याच वेळी तिला झिंगलेली दाखवली असती तर हशा आला असता, पण किरकोळ. विनोदी प्रसंग लिहिताना ‘बिघडवण्याआधी नीट दाखव’ हे मी मुलांना सांगतो ते इथूनच उचललेलं आहे.

ल्यूसिलबद्दल बोलताना विव्हियन व्हान्सला विसरू नका. ल्यूसीची मैत्रीण एथेल हिची भूमिका करणारी ही नटी ल्यूसिलपेक्षा फक्त दोन वर्षांनी मोठी होती, पण मालिकेत तिचा नवरा झालेला विल्यम फ्रॉली तिच्याहून बावीस वर्षांनी. ही गोष्ट तिला डाचत असे आणि दोघांचं प्रत्यक्षात अजिबात पटत नसे. पडद्यावर ती खदखद एका जुन्या संसाराची म्हणून खपून गेली. ल्यूसीचा बेत किती वेडगळ आहे याचं मोजमाप आपल्याला एथेलच्या चेहऱ्यावर मिळतं. ऐकणारा नट चांगला नसेल तर बोलणाऱ्याचा विनोद हवेत जातो. आपल्याकडे ऐकणाऱ्याच्या वाट्याला लेखक काही लिहीतच नाहीत, त्याला नुसता उभा करतात. हे मला मनापासून खुपतं.

थोडं मागे, रेडिओकडे जाऊ. जॅक बेनी हा या सगळ्यांचा एका अर्थाने गुरू. १९३२ पासून रेडिओवर, १९५० पासून टेलिव्हिजनवर. वर्षानुवर्षं त्याने स्वतःची एक प्रतिमा घडवली: महाकंजूष, स्वतःला कायम ३९ वर्षांचा म्हणवणारा, व्हायोलिन वाजवून लोकांचे कान किटवणारा. १९४८ च्या एका रेडिओ भागात रस्त्यात त्याला चोर गाठतो. ‘पैसे दे, नाहीतर जीव जाईल!’ आणि बेनी गप्प. रेडिओवर गप्प! चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत, तरी हशा सुरू होतो आणि वाढतच जातो. चोर वैतागून पुन्हा विचारतो, तेव्हा उत्तर येतं, ‘विचार करतोय ना!’

ही जागा नव्या नटाला दिली तर तो ते शेवटचं वाक्य जोरात म्हणेल. बेनीचा हशा त्या वाक्याच्या आधीच सुरू झालेला आहे. श्रोत्यांना हा माणूस इतका ओळखीचा झालेला आहे की तो गप्प बसल्यावर त्याच्या डोक्यात काय चाललंय हे ते स्वतःच भरून काढतात. मालिकेचं बळ ते हेच. एकांकिकेत तुम्हाला पात्राची ओळख करून द्यायला दहा मिनिटं मिळतात. मालिकेत महिने मिळतात, आणि त्या ओळखीवर पुढे हवा तेवढा विनोद उभा राहतो. आपल्याला मालिका मिळाली तरी आपण दर भागात सुटे विनोद पेरत बसतो.

‘द हनीमूनर्स’मध्ये ओळखीचा हाच हिशेब एका भागापुरता कसा मांडला जातो ते पाहा. १९५५-५६ मधल्या अवघ्या ३९ भागांवर या मालिकेचं नाव आजवर टिकून आहे. ब्रुकलिनमधलं बस ड्रायव्हरचं घर: एक टेबल, एक कपाट, बर्फाची पेटी, एवढाच सेट. राल्फ म्हणजे जॅकी ग्लीसन आणि वरच्या मजल्यावरचा गटारखात्यातला मित्र नॉर्टन म्हणजे आर्ट कार्नी. ग्लीसनला तालीम आवडत नसे. तो पोटावर थाप मारायचा ती ओळ विसरल्याची खूण असे, आणि सहकलाकार सांभाळून घ्यायचे. (याचं अनुकरण कृपया करू नका. शेजारी कार्नी आणि राल्फच्या बायकोचं काम करणारी ऑड्री मेडोज असले तरच ते परवडतं.)

यातला प्रश्नमंजूषेचा भाग असा. राल्फ गाण्यांच्या विषयावर स्पर्धेत उतरलाय आणि घरी पियानो भाड्याने आणून रात्रंदिवस गाणी घोकतोय. वाजवायला नॉर्टन. पण नॉर्टनची खोड अशी की कुठलंही गाणं वाजवण्याआधी बोटं मोकळी करायला तो दर वेळी एकाच जुन्या गाण्याचे सूर वाजवतो. राल्फ प्रत्येक वेळी भडकतो, ‘बंद कर ते!’ आपण त्याच्या संतापावर हसतो आणि ते सूर कानात बसत जातात. शेवटी राल्फ मंचावर उभा राहतो, कुठल्याही अवघड गाण्याला तयार. पहिला, सगळ्यात सोपा प्रश्न म्हणून जे सूर वाजतात ते नेमके तेच. रचनाकार कोण? राल्फची बोबडी वळते आणि तोंडून निघतं, ‘एड नॉर्टन?’

पूर्ण भागभर लेखकांनी हा दारूगोळा आपल्या डोळ्यांदेखत भरला आणि आपण तो नॉर्टनची खोड म्हणून पाहत राहिलो. एखादा विनोद पुढे कामाला येणार असेल तर तो पेरताना त्याला त्या जागीही स्वतःचा हशा हवा, म्हणजे पेरणी दिसत नाही. याहून चांगला धडा मला कुठे मिळालेला नाही.

या मालिकेत खटकणारंही आहे आणि ते तसंच सांगितलं पाहिजे. राल्फ बायकोला ठोसा मारून चंद्रावर पाठवायच्या धमक्या देतो आणि प्रेक्षक हसतात. त्याचा हात कधी उठत नाही, अॅलिस त्याला तसूभरही घाबरत नाही, उलट तिच्या एका कोरड्या वाक्याने त्याची हवा निघते. तरीही ती धमकी आज ऐकवत नाही, आणि ऐकवू नये. पुढच्या पिढीने या विषयांना भिडायचं ठरवलं. जानेवारी १९७१ मध्ये नॉर्मन लिअरची ‘ऑल इन द फॅमिली’ आली. क्वीन्समधला आर्ची बंकर वंशद्वेषी आहे, बायकांबद्दल, परदेशांतून आलेल्यांबद्दल, सगळ्यांबद्दल त्याची मतं मागास आहेत. मालिका त्याला लपवत नाही आणि राक्षसही करत नाही. कॅरल ओ’कॉनरने त्याला भेदरलेला, जग हातातून निसटताना पाहणारा माणूस म्हणून उभं केलं. कृष्णवर्णीय गायक-नट सॅमी डेव्हिस ज्युनियर त्याच्या घरी येतो तो १९७२ चा भाग पाहा. शेवटी फोटो काढताना तो आर्चीच्या गालाचं चुंबन घेतो आणि ओ’कॉनरचा चेहरा कितीतरी वेळ गोठून राहतो. हशा थांबत नाही आणि तोही हलत नाही. प्रेक्षक समोर असल्याशिवाय ही जागा इतकी ताणता आली नसती.

आता ते दुसरं हसणं, जे तुम्हाला खटकतं आणि मलाही खटकतं. सीबीएसमधला ध्वनितंत्रज्ञ चार्ली डग्लस याने पन्नाशीच्या दशकात एक यंत्र बनवलं. त्यात तऱ्हेतऱ्हेचे हशे टेपवर साठवलेले असत आणि बटणं दाबून ते हवे तिथे घालता येत. प्रेक्षकांशिवाय चित्रित झालेल्या मालिकांवर ते सर्रास चढवलं गेलं. ‘मॅश’ ही त्यातली नावाजलेली मालिका. कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळाची ही गोष्ट १९७२ ते १९८३ चालली, म्हणजे प्रत्यक्ष युद्धाच्या तिपटीहून जास्त. मालिका घडवणाऱ्या लॅरी गेलबार्टला हे हसणं नको होतं, वाहिनीला हवंच होतं. शेवटी शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या प्रसंगांत ते घालायचं नाही एवढं मान्य झालं. पाहताना लक्ष ठेवा: डॉक्टर टेबलापाशी जखमींवर काम करताना तेवढेच तिरकस विनोद करतात, पण कुणी हसत नाही, आणि तेच विनोद एकदम दमलेल्या माणसांचे वाटतात. १९७५ मधल्या एका भागात हेन्री ब्लेक हा कमांडिंग ऑफिसर सुटून घरी निघतो आणि त्याचं विमान पाडल्याची बातमी याच खोलीत वाचून दाखवली जाते. तो शेवटचा कागद बहुतेक नटांना चित्रीकरणाच्या ऐन वेळी दिला होता. बातमीनंतर मागे शस्त्रक्रियेचं एक अवजार हातातून खाली पडल्याचा आवाज येतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मी तुम्हाला ‘द मेरी टायलर मूर शो’वर घालवायला सांगेन. १९७० ते ७७, मिनियापोलिसमधल्या एका रडतखडत चालणाऱ्या स्थानिक टीव्ही वाहिनीच्या वृत्तविभागाचं कार्यालय. मेरी तिथली एकमेव समंजस व्यक्ती. ऑक्टोबर १९७५ चा डेव्हिड लॉइडने लिहिलेला ‘चकल्स बाइट्स द डस्ट’ शोधून काढा. वाहिनीवर मुलांचा कार्यक्रम करणारा विदूषक चकल्स शेंगदाण्याच्या वेशात सर्कशीच्या मिरवणुकीत गेला होता आणि एका हत्तीने त्याला सोलायचा प्रयत्न केला. त्यात तो गेला. कार्यालयात सगळ्यांना दुःख झालंय आणि सगळे हसूही आवरू शकत नाहीत. एकटी मेरी त्यांच्यावर चिडते: माणूस गेलाय, लाजा वाटत नाहीत का?

अंत्यविधीला सगळे अगदी गंभीर. धर्मगुरू चकल्सने साकारलेल्या पात्रांची अतर्क्य नावं श्रद्धेने घ्यायला लागतो आणि मेरीच्या नाकातून एक बारीक आवाज निघतो. ती खोकल्यासारखं करते. पुन्हा आवाज. आजूबाजूचे, जे काल खिदळत होते, तेच आता वळून तिच्याकडे पाहतात. मेरी टायलर मूर इथे हसत नाही, न हसण्याची शिकस्त करते, आणि प्रेक्षक तिच्या वाट्याचं हसतात. मग धर्मगुरू तिला उभं करून म्हणतो, ‘आवरू नकोस, बाळ. चकल्सला हेच आवडलं असतं. हास.’ परवानगी मिळते आणि त्या क्षणी तिला रडू कोसळतं.

सांगितलेली शिस्त सगळ्यात जास्त पाळणाऱ्या माणसाचाच तोल जायला हवा, हे लेखकाने ओळखलं. हाच प्रसंग एखाद्या अचरट पात्राला दिला असता तर तो नुसता धिंगाणा झाला असता.

कसं पाहायचं, ते सांगतो. आवडलेला एकच भाग घ्या. पहिल्यांदा नुसता पाहा. दुसऱ्यांदा फक्त जो बोलत नाहीये त्याच्याकडे पाहा. तिसऱ्यांदा आवाज बंद करून पाहा आणि नट कुठे थांबतात ते लिहून ठेवा. मग सर्वांत मोठा हशा कुठे आला तिथून उलट मागे जा आणि तो कुठे पेरला होता ते शोधा. ‘टॅक्सी’ मालिकेतला १९७९ चा, जिम नावाच्या भंजाळलेल्या माणसाच्या ड्रायव्हिंग परीक्षेचा प्रसंग या सरावाला फार चांगला आहे. लेखी परीक्षेत अडलेला जिम म्हणजे क्रिस्टोफर लॉइड मित्रांना हळूच विचारतो, ‘पिवळा दिवा लागला की काय करायचं?’ उत्तर येतं, ‘हळू!’ म्हणून तो तोच प्रश्न हळू विचारतो. पुन्हा ‘हळू!’ तो आणखी हळू विचारतो. मित्र वैतागतो, आणि तो पुन्हा, एकेक अक्षर लांबवत. विनोद एकच, नवीन शब्द एकही नाही, आणि हशा दर वेळी वाढतो, कारण मदत मिळत नाहीये असं जिमला वाटतच नाही. तो मनापासून सांगितलेलं ऐकतोय. तुमच्या एकांकिकेतल्या एखाद्या प्रसंगाला हीच कसोटी लावून पाहा: पात्राला आपण विनोदी आहोत हे ठाऊक आहे का? असेल तर तेवढं पान पुन्हा लिहा.